एक पेग, एक तास: व्हिस्की सावकाश पिण्याची रीत

मित्राच्या मामांनी पहिल्यांदा माझ्या हातात व्हिस्कीचा ग्लास दिला तेव्हा एक अट घातली. "दहा मिनिटं तोंडाला लावायचा नाही. नुसता धरून बस आणि अधूनमधून वास घे." ग्लासाच्या तळाशी जेमतेम बोटभर व्हिस्की होती. बर्फ नाही, सोडा नाही. तोवर मी व्हिस्की प्यायलो होतो ती कायम बर्फाने आणि सोड्याने काठोकाठ भरलेल्या ग्लासातून, आणि तिची चव मला कधी आवडली नव्हती. त्या दिवशीही पहिली दोन मिनिटं नाकात नुसता स्पिरिटचा झणका गेला. मग तो ओसरला. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मध आला, अगदी स्पष्ट, आणि त्याच्यामागून नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा वास. मी मामांकडे बघितलं. ते म्हणाले, "आता पी. पण एवढुसाच घोट घे."

तो एक पेग संपायला तास लागला, आणि दुसरा हवासाच वाटला नाही. तेव्हापासून मी व्हिस्की अशीच पितो. कुठली बाटली घ्यावी, किती ओतावी, वास कसा घ्यावा, पाणी कधी आणि किती घालावं, हे सगळं त्या एका तासाच्या हिशेबाने पुढे मांडलं आहे. फार महागडी बाटली यासाठी लागत नाही. घाई नसलेली संध्याकाळ मात्र लागते.

एक गोष्ट आधीच सांगतो. जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. गरोदरपणात, गाडी चालवायची असताना, झोपेच्या किंवा इतर औषधांबरोबर, किंवा पिणं आपल्या हाताबाहेर जातंय अशी शंका असेल तर एक घोटही नको. जे प्रौढ आहेत आणि पितातच, त्यांनी कमी आणि चवीने प्यावं, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली पायरी: बाटलीवरचं वाचायला शिका

दुकानात उभं राहिल्यावर खोका, सोनेरी अक्षरं आणि वर्षांचा आकडा यांवर नजर जाते. त्याऐवजी चार गोष्टी शोधा.

पहिली, ती कशाची आणि कुठली आहे. 'सिंगल मॉल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीत, म्हणजे व्हिस्कीच्या एकाच कारखान्यात, मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की. 'सिंगल' हा शब्द डिस्टिलरीसाठी आहे, व्हिस्की मुरवण्याच्या लाकडी पिंपासाठी नाही. एका सिंगल मॉल्टच्या बाटलीत शेकडो पिंपांमधली व्हिस्की एकत्र केलेली असू शकते. 'ब्लेंडेड' स्कॉचमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या मिश्र व्हिस्कीत, मॉल्ट व्हिस्कीबरोबर मका किंवा गहू अशा धान्यांची हलकी व्हिस्की मिसळतात. ब्लेंडेड म्हणजे दुय्यम, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो मला साफ चुकीचा वाटतो. वीस-तीस डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्क्या जुळवून दर वर्षी तीच चव राखणं हे मोठं कौशल्याचं काम आहे. बर्बन अमेरिकेचं. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या करकरीत ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. आयरिश व्हिस्की बऱ्याचदा तीनदा ऊर्ध्वपातन केलेली असते, म्हणून जिभेला मऊ लागते. ज्यांना कोरी व्हिस्की पिण्याची सवय नाही त्यांनी तिथून किंवा बर्बनपासून सुरुवात करावी, असं मी सुचवेन.

दुसरी गोष्ट वय. स्कॉचला आणि आयरिशला कायद्याने किमान ३ वर्षं पिंपात काढावी लागतात. बाटलीवर १२ लिहिलं असेल तर आतली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची आहे, बाकीची त्याहून जुनी असू शकते. पण वय म्हणजे दर्जा नव्हे. थकलेल्या, तीनदा वापरून झालेल्या पिंपात २० वर्षं पडून राहिलेल्या व्हिस्कीपेक्षा चांगल्या पिंपातली १० वर्षांची कितीतरी बोलकी निघते. शिवाय ओकमध्ये फार काळ राहिली तर लाकडाचा तुरटपणा बाकी सगळ्यावर चढून बसतो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी, अल्कोहोलची टक्केवारी. ४० हा स्कॉच आणि बर्बन दोन्हींसाठी खालचा काठ आहे. ४६ किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा ती थंड करून गाळलेली नसते. ४६ टक्क्यांच्या खालची व्हिस्की थंडीत किंवा पाणी घातल्यावर थोडी गढूळ होते, कारण तिच्यातली तेलकट संयुगं वेगळी होतात. गिऱ्हाइकाला ते खराब वाटू नये म्हणून अनेक कारखाने ती आधीच थंड करून ही संयुगं गाळून टाकतात. त्याबरोबर तोंडातला थोडा भरीवपणाही जातो. आणि ४६ टक्क्यांची व्हिस्की तुम्ही पाणी घालून ४० वर आणू शकता, ४० ची मात्र ४६ करता येत नाही. हे सूत्र पुढे पाण्याच्या पायरीला कामी येईल.

चौथी गोष्ट पिंप. आधी बर्बन असलेलं पिंप व्हॅनिला, मध, नारळाच्या खोबऱ्याकडे झुकणारा गोडवा देतं. आधी शेरी, म्हणजे स्पेनची एक वाइन, असलेलं पिंप मनुका, सुकं अंजीर आणि अक्रोडाकडे नेतं. बर्बनचं पिंप साधारण २०० लिटरचं, शेरीचं मोठं पिंप ५०० लिटरचं. जेवढं पिंप लहान तेवढा लाकडाशी संबंध जास्त.

रंगाकडे बघून काही ठरवू नका. भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी असते, रंग पिंपात येतो हे खरं. पण स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याची परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, असा हिशेब मांडता येत नाही.

दुसरी पायरी: ग्लास आणि माप

खाली फुगीर आणि वर निमुळता होणारा ग्लास घ्या. वास तोंडाशी गोळा होतो आणि थेट नाकाकडे येतो. ग्लेनकेर्न नावाचा असा ग्लास २००१ मध्ये स्कॉटलंडमध्ये बाजारात आला आणि आज बहुतेक डिस्टिलऱ्यांत तोच दिसतो. तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास उत्तम चालतो. जाड बुडाचा रुंद ग्लास हातात छान वाटतो, पण त्यातून वास चारी बाजूंनी उडून जातो. तो बर्फाच्या दिवसासाठी ठेवा.

ग्लास हुंगून बघा. कपाटाचा, फडक्याचा किंवा साबणाचा वास येत असेल तर नुसत्या गरम पाण्याने विसळून निथळत ठेवा.

माप ३० मिलिलिटर. मोजून घ्या, अंदाजाने ओतू नका, कारण निमुळत्या ग्लासात हात नेहमी सैल सुटतो. ४३ टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि आपलं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटू शकतं. लेखाच्या नावातला एक तास तिथून आला आहे. शेजारी साध्या पाण्याचा एक मोठा ग्लास भरून ठेवा, तो पिण्यासाठी. पोट रिकामं नसावं. पण मसालेदार, आंबट, खारट चकणा मात्र या तासापुरता बाजूला राहू द्या. अत्तर लावलेलं मनगटही ग्लासापासून लांब.

तिसरी पायरी: ओता आणि थांबा

आता दहा मिनिटं. हीच पायरी सगळे गाळतात आणि मग व्हिस्की जळजळते म्हणून तक्रार करतात. ओतल्या ओतल्या वर उठतो तो अल्कोहोलचा लोट. तो विरळ झाल्याशिवाय बाकीचं काही कळत नाही.

ग्लास तिरका करून हळू फिरवा. आतल्या भिंतीवर एक पातळ थर चढेल आणि त्यातून थेंबांचे ओघळ खाली उतरतील. ते ओघळ दाट आणि संथ असतील तर व्हिस्कीत अल्कोहोल जास्त आहे, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. दर्जाशी त्याचा संबंध नाही. पण दिव्यासमोर ग्लास धरून ते बघत बसायला मला फार आवडतं.

'व्हिस्की' हा शब्द गेलिक भाषेतल्या 'उश्के बेहा' यावरून आला, म्हणजे 'जीवनाचं पाणी'. स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबवहीत १४९४ साली एक नोंद आहे: जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला हे पाणी बनवण्यासाठी ८ बोल मॉल्ट दिलं. बोल हे तिथलं धान्याचं जुनं माप. स्कॉटलंडमधला व्हिस्कीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख म्हणून तीच दाखवतात. ग्लास हातात घेऊन थांबलेलो असताना मला ती वही आठवते. पाचशेहून जास्त वर्षं माणसं धान्य, पाणी आणि यीस्ट एवढ्याच तीन गोष्टी घेऊन हे करत आली आहेत.

चौथी पायरी: वास

माझ्या लेखी व्हिस्कीचा निम्म्याहून अधिक आनंद इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास छातीपाशी धरा, मग हनुवटीपाशी आणा, मग हळूहळू नाकाखाली. जिथे पहिला गोड वास लागेल तिथेच थांबा. तोंड किंचित उघडं ठेवा, ओठांमधून हवा जाईल इतकंच. हा बदल क्षुल्लक वाटतो, पण करून बघा: तोंड मिटून हुंगलं तर नाकाच्या आत चरचरतं, उघडं ठेवलं तर तोच वास निवळतो. खोल श्वास ओढू नका. छोटे, हलके दोन-तीन श्वास घ्या आणि ग्लास बाजूला करा.

पाच-सहा वेळा हुंगल्यावर नाक बोथट होतं. मग स्वतःच्या शर्टाची बाही किंवा मनगट हुंगा. रोजचा ओळखीचा वास घेतला की नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

आता त्या वासाला नाव द्यायचं. नवख्याला इथे भीती वाटते, कारण बाटलीमागे भलतंसलतं लिहिलेलं असतं आणि आपल्याला त्यातलं काहीच येत नाही. ते वाचू नका. स्वतःला सोपे प्रश्न विचारा. फळ आहे का? असेल तर ताजं की सुकवलेलं? गोड आहे का? मधासारखं की जळक्या साखरेसारखं? लाकूड आहे का? ओलं की कोरडं? धूर आहे का? बस, एवढ्या प्रश्नांनी वाट सापडते.

कुठला वास कुठून येतो हे माहीत असेल तर तो शोधणं आणखी सोपं जातं. सफरचंद, पेअर, केळं अशी ताजी फळं आंबवण्याच्या वेळी तयार होतात. तिथे यीस्ट एस्टर नावाची संयुगं बनवतं, आणि आंबवण लांबवलं तर ही फळं वाढतात. भिजलेली बार्ली, पाव, बिस्किट हा धान्याचा वास. व्हॅनिला लाकडातून येतो: ओकच्या लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन सुटतं, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतलं जे मुख्य सुगंधी द्रव्य तेच. लवंगही लाकडातलीच, आणि खोबऱ्याचा गोडवाही. पिंप आतून भाजतात तेव्हा लाकडातली साखर करपते, तिथून कॅरमेल. मनुका आणि अंजीर आधीच्या शेरीची देणगी.

धूर मात्र भट्टीच्या आधी येतो. मोड आलेली बार्ली वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दाबल्या गेलेल्या वनस्पतींची अर्धवट कुजलेली, कोळशाकडे निघालेली माती. तिच्या धुरातली फिनॉल नावाची संयुगं बार्लीच्या सालीला चिकटतात आणि शेवटपर्यंत साथ सोडत नाहीत. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या अनेक व्हिस्क्या यासाठीच प्रसिद्ध आहेत. तिथे कुणाला शेकोटी आठवते, कुणाला समुद्राचं खारं वारं, कुणाला दवाखान्यातलं जंतुनाशक. पहिल्यांदा हे नकोसं वाटलं तर स्वाभाविक आहे. मलाही वाटलं होतं. वर्षभराने पुन्हा भेट द्या.

आणि एखाद्या वासाला नाव सापडलं नाही तर सोडून द्या, पण तो कुठे नेतो ते बघा. एकदा एका ग्लासातून मला सारखं काहीतरी ओळखीचं येत होतं आणि हाती लागत नव्हतं. अर्ध्या तासाने उमगलं: जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तो वास. कागद, थोडं मेण, थोडी धूळ. बाटलीवर यातलं काही लिहिलेलं नव्हतं, पण माझ्यासाठी ती व्हिस्की आजही तीच पेटी आहे.

पाचवी पायरी: पहिला घोट, आणि मग खरा घोट

पहिला घोट चवीसाठी नसतो. तो तोंडाला तयार करायला असतो. चहाच्या चमच्याच्या अर्ध्याहूनही कमी, म्हणजे जेमतेम दोन मिलिलिटर घ्या, जीभभर पसरू द्या आणि गिळा. जळजळेल. ती जळजळ कशाने होते हे कळलं की तिचं दडपण जातं. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारी एक यंत्रणा आहे, तिखट मिरचीने पेटते तीच. एरवी ती सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागी होते. अल्कोहोल लागलं की ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत खाली येते, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानापेक्षाही खाली. आपल्याच अंगाची ऊब आपल्याला चटका म्हणून जाणवते. तोंड एकदा सरावलं की पुढच्या घोटाला हा चटका बराच कमी होतो.

म्हणून एक मिनिट थांबा. साध्या पाण्याचा घोट घ्या. मग दुसरा, खरा घोट.

तो गिळायची घाई करू नका. जिभेच्या टोकावर घ्या, दोन्ही कडांना जाऊ द्या, चघळल्यासारखा हळू घोळवा. दहा सेकंद पुरतात. तेवढ्यात लाळ मिसळून व्हिस्की तोंडातच सौम्य होते आणि तिच्यातला गोडवा पुढे येतो. ती तोंडाला कशी लागते तेही बघा: पाण्यासारखी पातळ, तेलासारखी स्निग्ध, की कडांना तुरट ओढणारी?

गिळल्यावर तोंड मिटलेलं ठेवून नाकाने हळू श्वास बाहेर सोडा. घशाच्या मागच्या बाजूने वास पुन्हा नाकात चढतो, आणि जे मघाशी हुंगताना सापडलं नव्हतं ते बऱ्याचदा इथे सापडतं. सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागतं, त्याचंही कारण हीच वाट बंद होणं.

मग काहीच करू नका. गिळल्यानंतर मागे रेंगाळते ती चव मोजा. काही व्हिस्क्या पाच सेकंदांत निघून जातात. काही मिनिटभर थांबतात आणि थांबता थांबता बदलतात: आधी गोड, मग लवंग, मग शेवटी राख किंवा कोको. चांगली व्हिस्की कुठली असं कुणी मला विचारलं तर मी हेच मोजायला सांगतो.

सहावी पायरी: पाणी

"खरा रसिक पाणी घालत नाही" हे वाक्य जिथे ऐकाल तिथे दुर्लक्ष करा. पिंपातून व्हिस्की बाहेर येते तेव्हा ती बहुतेकदा ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास असते आणि बाटलीत भरण्याआधी कारखानाच तिच्यात पाणी घालतो. ब्लेंड जुळवणारे जाणकार तर वास घेताना ती २० टक्क्यांच्या आसपास पातळ करून घेतात, कारण गुण-दोष तिथे उघडे पडतात.

पाणी घातल्याने नक्की काय होतं याचा एक चांगला अभ्यास स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या बियॉर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन या दोघांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकॉल यांचं मिश्रण उभं केलं. ग्वायाकॉल हे धुरकट चवीचं एक मुख्य संयुग. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉल पृष्ठभागाजवळ, म्हणजे आपल्या नाकाशी आणि जिभेशी जवळ राहतं. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि ते आत ढकललं जातं. खऱ्या व्हिस्कीत शेकडो संयुगं असतात, तेव्हा हे एका संयुगाचं गणित आहे हे लक्षात ठेवायचं. पण ग्लासात जे जाणवतं त्याच्याशी ते जुळतं.

पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं आणि क्लोरिनचा वास नसलेलं घ्या. नळाच्या पाण्याला वास येत असेल तर उकळून गार करा. चहाचा चमचा म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर. ४६ टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये अर्धा चमचा पाणी घातलं की ती साधारण ४२.५ वर येते, पूर्ण चमच्याने ३९ च्या थोडी वर. ६० टक्क्यांची, थेट पिंपातून भरलेली व्हिस्की ४० वर आणायला ३० मिलिलिटरला १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे पाणी लागतं.

पण एकदम घालू नका. आधी कोऱ्या व्हिस्कीचे दोन घोट, मग चार-पाच थेंब, मिनिटभर थांबणं, पुन्हा वास, पुन्हा घोट. मग आणखी थेंब. पाणी पडतं तिथे ग्लासात तेलकट रेघा वळवळताना दिसतात, दिवा मागे धरलात तर अगदी स्पष्ट. त्या विरघळल्या की हुंगा. काही व्हिस्क्या अशा वेळी फुलासारख्या उमलतात, काही दुसऱ्याच चमच्याला कोसळतात आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव उरते. जास्त जुनी आणि ४० टक्क्यांची असेल तर फार जपून. एकाच बाटलीचा योग्य थेंब सापडायला मला तीन-चार बैठका लागतात, आणि त्या शोधातही मजा आहे.

बर्फाबद्दल माझं मत सांगतो. थंडीने अल्कोहोलचा चटका कमी होतो, पण त्याबरोबर वासही बसतो, कारण गार द्रवातून वासाचे रेणू कमी उडतात. नव्या बाटलीची ओळख करून घेताना बर्फ नको. ओळख झाल्यावर, उकाड्याच्या दिवशी, एकच मोठा खडा घाला. मोठा खडा हळू वितळतो, लहान खडे पाच मिनिटांत पेग पाण्यात बुडवतात. सोड्याचंही तसंच. हलक्या, फळाळ व्हिस्कीला थंडगार सोडा फार शोभतो, पण ते वेगळं पेय आहे आणि वेगळ्या मूडचं.

सातवी पायरी: तीन ग्लास शेजारी शेजारी

एकटी व्हिस्की पिऊन जे कळायला महिने लागतात ते तुलना करून एका संध्याकाळी कळतं. दोन-तीन मित्र मिळून करा, म्हणजे बाटल्यांचा भार वाटला जातो. एक बर्बनच्या पिंपातली, एक शेरीच्या पिंपातली, एक धुराची. प्रत्येकी फक्त १० मिलिलिटर, म्हणजे तिन्ही मिळून एकच पेग. क्रम हलक्याकडून जडाकडे, आणि धूर कायम शेवटी. धुराची आधी घेतलीत तर तोंडात तीच बसून राहील.

आधी तिन्हींचा फक्त वास घ्या, पुढेमागे करत. मग घोट. प्रत्येकाने आपापल्या कागदावर तीनच शब्द लिहायचे, आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने "सफरचंद" म्हटलं की सगळ्यांना सफरचंदच येऊ लागतं. पुढच्या वेळी ग्लासांच्या बुडाशी आकडे चिकटवा आणि कुठली कोणती ते एकालाच ठाऊक असू द्या. किंमत आणि नाव डोळ्यांआड गेलं की आपली खरी आवड कळते. माझी जी लाडकी म्हणून मी सांगत असे ती अशा खेळात दोनदा तिसरी आली. त्यानंतर मी ती घेणं थांबवलं.

लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका. मासाताका ताकेत्सुरू हा जपानी तरुण १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेला, तिथल्या डिस्टिलऱ्यांत शिकला आणि जे पाहिलं ते बारकाईने वहीत उतरवत राहिला. जपानी व्हिस्कीची घडी पुढे त्या टिपणांवर बसली. आपली वही तेवढी थोर नसेल, पण दोन वर्षांनी तीच बाटली पुन्हा उघडताना जुना कागद वाचण्यात वेगळाच आनंद आहे.

आठवी पायरी: बाटली सांभाळणं

व्हिस्की बाटलीत मुरत नाही. १२ वर्षांची बाटली कपाटात १० वर्षं राहिली तरी १२ वर्षांचीच राहते. पण ती बिघडू मात्र शकते.

बाटली उभीच ठेवा. मी सुरुवातीला वाइनसारखी आडवी ठेवत असे. एक बाटली दीड वर्ष आडवी राहिली. उघडायला गेलो तर बुचाचं डोकं हातात आणि उरलेलं आत, भिजून लगदा झालेलं. इतकं कडक स्पिरिट बुचाला सतत लागलं की ते कुजतं. व्हिस्की मी कॉफीच्या गाळणकागदातून गाळून दुसऱ्या बाटलीत भरली, पण तिला बुचाची कडवट चव लागली ती लागलीच. आता उभी ठेवतो, आणि बूच वाळू नये म्हणून एक-दोन महिन्यांनी क्षणभर उलटी करून पुन्हा सरळ करतो.

ऊन लागू देऊ नका, त्याने रंग आणि चव दोन्ही उतरतात. कपाट बरं. एक तृतीयांशहून कमी उरली की आतली हवा आपलं काम करू लागते आणि काही महिन्यांत चव सपाट होते. अशी बाटली मित्रांबरोबर संपवा किंवा घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत काढून ठेवा. आणि शिसं असलेल्या जुन्या क्रिस्टलच्या सुरईत व्हिस्की साठवू नका, शिसं तिच्यात उतरतं.

शेवटची पायरी

पेग संपला की ग्लास लगेच धुऊ नका. तसाच टेबलावर राहू द्या आणि झोपायला जा. सकाळी चहाच्या आधी, नाक ताजं असताना, तो रिकामा ग्लास हुंगा. अल्कोहोल रात्रीत उडून गेलेलं असतं आणि तळाशी वाळलेल्या त्या पिवळसर डागात लाकूड, मध आणि धूर तेवढे उरलेले असतात.